दोष डाव्या नसेत, मग तिरळा उजवा डोळा का दिसतो?

पत्र

माझे बाबा ६२ वर्षांचे आहेत. १४ वर्षांपासून मधुमेह आहे, रक्तदाबाची गोळी चालू आहे. बारा दिवसांपूर्वी सकाळी उठले ते ‘एका दाराच्या दोन चौकटी शेजारी शेजारी दिसताहेत’ असं सांगतच. वाचताना त्रास कमी, लांबचं बघताना जास्त, आणि डावीकडे बघितलं की सगळ्यात जास्त. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं. चष्म्यासकट दोन्ही डोळ्यांची नजर ६/६ आहे, बाहुल्या सारख्या आहेत, पडद्यामागच्या नसेला सूज नाही. निदान: डाव्या बाजूची सहावी नस कमजोर झाली आहे. साखर आटोक्यात आणा (तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारा एचबीए१सी ९.१ आहे), साधारण तीन महिने वाट बघा, महिन्याने दाखवायला या, एवढाच सल्ला मिळाला.

नजर चांगली आहे तर दोन दिसतं कसं? आईला आणि मला तर बाबांचा उजवा डोळा नाकाकडे वळलेला दिसतो, मग दोष डाव्यात कसा? ओळखीच्या एकांनी डोळे गोल फिरवण्याचे आणि अंगठा नाकापर्यंत आणण्याचे व्यायाम सांगितलेत, ते करावेत का? पट्टी बांधली तर डोळा अधू होईल का? एमआरआय न करता थांबणं धोक्याचं नाही ना? आणि बाबा हल्ली तोंड डावीकडे वळवूनच बसतात. मी सारखी मान सरळ करायला सांगते. काय करावं?

— एक मुलगी

उत्तर

व्यायाम आजच थांबवा आणि मानेबद्दल टोकणंही सोडून द्या. दोन्हींची कारणं पुढे येतीलच. डॉक्टरांचं निदान तुमच्या वर्णनाशी चोख जुळतं. वाट बघण्याचा सल्लाही योग्य आहे, पण त्याला अटी आहेत आणि त्या घरातल्या प्रत्येकाला तोंडपाठ हव्यात.

आधी एक खातरजमा करा. बाबांना दोन दिसत असताना त्यांचा एक डोळा तळहाताने झाका, मग दुसरा. दोन्ही वेळा एकच चित्र उरलं, तर प्रत्येक डोळा आपापल्या जागी ठीक आहे आणि बिघाड दोघांच्या जुळणीत आहे. एक डोळा झाकूनही उघड्या डोळ्याला दोनच दिसत राहिलं, तर तो मामला नसांचा नसतो. मोतीबिंदू, चष्म्याचा नंबर, बुबुळाचा कोरडेपणा अशी कारणं तिथे शोधावी लागतात. ही अर्ध्या मिनिटाची तपासणी इतकी मोलाची आहे की ‘दोन दिसतं’ म्हणणाऱ्या कुणाच्याही बाबतीत सुरुवात तिथूनच करावी.

आता ६/६ बद्दल. एकेका डोळ्याने किती बारीक अक्षर वाचता येतं, एवढंच हा आकडा सांगतो. दोन्ही डोळे एकाच ठिकाणी रोखलेले आहेत का, हे तो सांगत नाही. समोरची वस्तू दोन्ही डोळ्यांच्या पडद्यांवर बरोबर मध्यबिंदूत पडली, तर मेंदू दोन चित्रांचं एक करतो. डावा डोळा थोडासा जरी आत वळला, तरी त्याच्या पडद्यावर तेच चित्र मध्यबिंदूच्या नाकाकडच्या बाजूला पडतं. तिथे पडलेली वस्तू डावीकडेच असणार, हे मेंदूला जन्मभराच्या सवयीने ठाऊक असतं. म्हणून खऱ्या चौकटीच्या डावीकडे दुसरी चौकट उभी राहते. दोन्ही चित्रं स्वच्छ असतात, कारण दोन्ही डोळे स्वच्छ बघत असतात.

डोळा वळवणारी यंत्रणा बघू. बुबुळापासून मागच्या टोकापर्यंत डोळ्याचा गोळा साधारण २४ मिलिमीटरचा. त्याला सहा स्नायू जोडलेले असतात, चार सरळ आणि दोन तिरके. चारही सरळ स्नायू खोबणीच्या तळाशी असलेल्या एका कड्यापासून निघतात, सुमारे ४ सेंटिमीटर पुढे येतात आणि बुबुळाच्या कडेपासून ५.५ ते ७.७ मिलिमीटर मागे, पांढऱ्या भागाला चिकटतात. आतला सरळ स्नायू डोळा नाकाकडे ओढतो, बाहेरचा सरळ स्नायू कानाकडे. या दोघांचं काम सरळसोट आहे. वरचा आणि खालचा सरळ स्नायू मात्र डोळ्याच्या रोखात नसतात. खोबण नाकापासून बाहेरच्या बाजूला उघडलेली असल्यामुळे ते रोखापासून सुमारे २३ अंश तिरपे येतात. त्यामुळे ते डोळा वर किंवा खाली नेतातच, शिवाय थोडा आत ओढतात आणि थोडा गोल फिरवतात. वरच्या तिरक्या स्नायूची रचना तर विलक्षण आहे. त्याची दोरी खोबणीच्या वरच्या आतल्या कोपऱ्यातल्या एका छोट्या कप्पीतून जाते, तिथून मागे वळते आणि डोळ्याच्या वरच्या अंगाला मागच्या बाजूने जोडली जाते. म्हणून नाव ‘वरचा’ असूनही तो डोळा खाली नेतो, विशेषतः डोळा नाकाकडे वळलेला असताना. जिना उतरताना आणि पुस्तक वाचताना आपण नेमके तसेच बघतो.

या सहा स्नायूंना हुकूम पोचवणाऱ्या नसा तीन. मेंदूतून थेट निघणाऱ्या कर्परचेतांच्या बारा जोड्या असतात, त्यातल्या तिसरी, चौथी आणि सहावी. सहावी फक्त बाहेरच्या सरळ स्नायूला जाते. चौथी फक्त वरच्या तिरक्याला. उरलेले चारही स्नायू तिसरीकडे. शिवाय वरची पापणी उचलणं, बाहुली लहान करणं आणि जवळचं बघताना भिंग फुगवणं ही कामंही तिसरीचीच.

तुमचा उजव्या डोळ्याचा प्रश्न फार नेमका आहे आणि त्याचं उत्तर यंत्रणेच्या एका मूलभूत नियमात आहे. मेंदू एका डोळ्याला वेगळा हुकूम देत नाही. डावीकडे बघायचं ठरलं की डाव्या डोळ्याचा बाहेरचा स्नायू आणि उजव्या डोळ्याचा आतला स्नायू या जोडीला सारख्याच जोराचा हुकूम जातो. एकोणिसाव्या शतकात एवाल्ड हेरिंग यांनी मांडलेला हा नियम आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. ही जोडी बांधली जाते मेंदूच्या देठात, पॉन्स नावाच्या भागात. सहाव्या नसेच्या केंद्रात दोन प्रकारच्या पेशी असतात. एक प्रकार थेट बाहेरच्या स्नायूला धागे पाठवतो. दुसऱ्याचे धागे मध्यरेषा ओलांडून देठाच्या वरच्या भागात, मिडब्रेनमध्ये, तिसऱ्या नसेच्या केंद्राकडे जातात आणि समोरच्या डोळ्याच्या आतल्या स्नायूला सोबत घेतात.

आता बाबा डाव्या डोळ्याने तुमच्याकडे बघायला गेले, की दुबळ्या नसेतून तो डोळा सरळ ठेवण्यासाठी मेंदूला हुकूम खूप वाढवावा लागतो. तोच वाढीव हुकूम उजव्या डोळ्याच्या धडधाकट आतल्या स्नायूलाही पोचतो आणि तो उजव्या डोळ्याला जोरात नाकाकडे ओढतो. बाबा उजव्या डोळ्याने बघत असतील तर उलट डावा आत गेलेला दिसेल, पण कमी. तिरळा कोण दिसतो हे त्या क्षणी कोणता डोळा बघतोय यावर ठरतं, आणि दुबळा डोळा बघत असताना तिरळेपणा जास्त दिसतो. तुम्ही चुकीचं बघितलं नाहीत, फक्त दिसलेल्या गोष्टीचा अर्थ उलटा निघाला.

खरा दुबळा डोळा घरीच ओळखता येतो. बाबांचं डोकं सरळ धरून त्यांना एक उभी पेन्सिल हातभर अंतरावर डावीकडे नेत दाखवा. दोन पेन्सिली सर्वात लांब झाल्या की थांबा. आता एकेक डोळा झाका आणि सर्वात बाहेरची, म्हणजे सर्वात डावीकडची पेन्सिल कोणता डोळा झाकल्यावर नाहीशी होते ते विचारा. दोष त्या डोळ्याचा. बाबांच्या बाबतीत तो डावा निघेल. तसं झालं नाही तर तपासणी पुन्हा करा, आणि पुन्हाही तसंच आलं तर डॉक्टरांना सांगा.

लांबचं बघताना त्रास जास्त, हीसुद्धा सहाव्या नसेची खूण आहे. जवळ बघताना दोन्ही डोळे मुळातच आत वळतात, त्यामुळे बाहेरच्या स्नायूची गरज कमी पडते. लांब बघताना दोघांचे रोख समांतर ठेवावे लागतात आणि तिथे तो कमी पडतो. डाव्या डोळ्याचा आतला स्नायू मात्र शाबूत आहे. विरोध करायला कुणी उरलं नाही की तो विसाव्याच्या ताणानेही डोळा आत खेचून धरतो.

मधुमेह इथे कसा येतो? नसेलाही रक्त लागतं, आणि ते केसांहून बारीक धमन्यांमधून येतं. वर्षानुवर्षांची साखर आणि रक्तदाब या धमन्यांच्या भिंती जाड करतात. एखादी बंद पडली की नसेचा तेवढा तुकडा उपाशी राहतो. म्हणून हा त्रास बहुधा झोपेतून उठल्यावर किंवा अचानक लक्षात येतो. सोबत पहिले काही दिवस भुवईभोवती दुखूही शकतं. यात नसेचं वरचं आवरण मुख्यतः बिघडतं आणि आतले धागे बरेचसे टिकून असतात, त्यामुळे आवरण पुन्हा तयार झालं की हुकूम पोचू लागतात. बहुतेकांचं तीन महिन्यांत भरून येतं, काहींना सहा महिने लागतात. साखर आटोक्यात आणल्याने ही नस लवकर बरी होईल असं मी म्हणणार नाही. पण उद्या दुसरी नस, डोळ्याचा पडदा, मूत्रपिंड किंवा हृदय यांच्यावर हीच पाळी येऊ नये म्हणून ९.१ हा आकडा खाली यायलाच हवा. रक्तदाब आणि कोलेस्टेरॉलही तपासून घ्या. ॲस्पिरिन मात्र आपल्या मनाने सुरू करू नका.

आता व्यायाम. स्नायू थकलेला किंवा सैल पडलेला असता तर व्यायामाचा विचार करता आला असता. इथे स्नायू ठीक आहे, त्याच्यापर्यंत हुकूमच पोचत नाही. दिव्याची तार तुटली असताना बटण पन्नास वेळा दाबून दिवा लागत नाही. अंगठा नाकापर्यंत आणण्याचा व्यायाम तर उलट्या दिशेचा आहे. ज्यांचे डोळे जवळचं बघताना पुरेसे आत वळत नाहीत, त्यांच्यासाठी तो आहे आणि तिथे त्याचा उपयोगही होतो. बाबांचे डोळे आधीच गरजेपेक्षा आत आहेत. गोल फिरवण्याच्या व्यायामाने नुकसान होणार नाही, पण डोकं दुखेल, मळमळेल. शिवाय महिन्याभराने नस आपोआप सुधारली की श्रेय व्यायामाला जाईल आणि तोच सल्ला पुढच्या माणसाला मिळेल. त्या पुढच्या माणसाच्या डोक्यात गाठ असली, तर त्याचे मोलाचे आठवडे वाया जातील. यासाठीच हा मुद्दा इतक्या आग्रहाने मांडतो आहे.

पट्टीने प्रौढ माणसाची नजर कमी होत नाही. ती भीती सात-आठ वर्षांखालच्या मुलांच्या बाबतीत खरी आहे, कारण त्यांच्या मेंदूत बघण्याची जडणघडण अजून चालू असते. बाबांना चालताना, घरात वावरताना डावा डोळा झाकणं सोयीचं पडेल. उजवा झाकून दुबळ्या डोळ्याने वावरलं, तर वस्तू आहे त्यापेक्षा डावीकडे आहे असं वाटतं आणि हात पलीकडे जातो. गरम पाणी ओतताना, सुरी वापरताना हे धोक्याचं आहे. निवांत बसलेले असताना आलटून पालटून झाकायला हरकत नाही.

पट्टीपेक्षा चांगली सोय चष्म्यावर होते. डाव्या काचेच्या आतल्या बाजूला दुधी, अर्धपारदर्शक चिकटपट्टी लावा. चित्र पुसट झालं की मेंदू त्याकडे दुर्लक्ष करतो आणि बाहेरून डोळा झाकल्यासारखा दिसत नाही. समोर बघताना एकच दिसत असेल आणि फक्त डावीकडे दोन होत असेल, तर पूर्ण काच झाकू नका. कानाकडचा एकतृतीयांश भाग पुरे. त्यामुळे समोरचं दोन्ही डोळ्यांनी बघणं शाबूत राहतं.

तिसरा पर्याय चिकटवायच्या प्रिझमचा, म्हणजे चित्र बाजूला सरकवणाऱ्या फ्रेनेल प्रिझमचा. पातळ, बारीक रेघांची, लवचिक पट्टी असते. ती पाण्याने ओली करून काचेच्या आतल्या बाजूला बसवतात. बाबांसाठी तिची जाड कड कानाच्या बाजूला येईल. किती शक्तीची लावायची हे डॉक्टर किंवा ऑर्थोप्टिस्ट (डोळ्यांची जुळणी तपासणारे तज्ज्ञ) मोजून ठरवतील. शक्ती वाढेल तशी नजर थोडी पुसट होते, हे आधीच माहीत असू द्या. नस सुधारेल तसा नंबर बदलावा लागतो. म्हणून या काळात कायमचा प्रिझम असलेला नवा चष्मा करून घेऊ नका.

आठवड्यातून दोनदा, दिवसाच्या ठरलेल्या वेळी, नोंद ठेवा. भिंतीवर डोळ्यांच्या उंचीला रंगीत चिकटपट्टीची एक उभी रेघ लावा. बाबांना बरोबर ३ मीटर अंतरावर, चष्मा लावून, तोंड अगदी सरळ ठेवून बसवा. तुम्ही भिंतीवर बोट सरकवत न्या आणि दुसरी रेघ जिथे दिसते तिथे थांबवायला सांगा. दोन रेघांमधलं अंतर सेंटिमीटरमध्ये मोजा आणि तीनने भागा. ३० सेंटिमीटर आलं तर सुमारे १० प्रिझम डायॉप्टरचा (तिरळेपणा मोजण्याचं एकक) फरक, म्हणजे जवळपास ६ अंश. मग डाव्या डोळ्याने शक्य तितकं डावीकडे बघायला सांगून फोनवर फोटो काढा. निरोगी डोळ्यात बुबुळाची बाहेरची कड कोपऱ्याला टेकते. बाबांच्या डोळ्यात तिथे पांढरा भाग उरेल. तो आठवड्यागणिक कमी होत जायला हवा. महिन्याने डॉक्टरांकडे जाताना ही वही आणि फोटो न्या. ‘थोडं बरं वाटतंय’ यापेक्षा ‘३६ सेंटिमीटरवरून २१ वर आलं’ हे सांगणं कितीतरी कामाचं आहे.

या नोंदी आणखी एका कारणासाठी हव्यात. सकाळी जवळपास काही नसतं आणि संध्याकाळपर्यंत रेघा लांब होत जातात, कधी आडव्या तर कधी खालीवर, पापणीही जड होते, असं दिसलं तर बिघाड नसेत नसून नस आणि स्नायू यांच्या सांध्यात असू शकतो. त्या आजाराला मायस्थेनिया ग्रॅव्हिस म्हणतात. त्याचं ढोंग इतकं बेमालूम असतं की तो कुठल्याही एका नसेच्या दुखण्यासारखा दिसू शकतो, पण बाहुलीला तो हात लावत नाही. थायरॉइडच्या आजारात उलट प्रकार होतो. स्नायू जाड आणि ताठ होतो, बहुधा खालचा किंवा आतला, आणि डोळा त्याच्या विरुद्ध बाजूला जाऊ देत नाही. आतला स्नायू ताठ झाला तर चित्र सहाव्या नसेसारखंच दिसतं. डोळे बाहेर आल्यासारखे वाटतात का, पापण्या वर ओढल्या गेल्यात का, हे बघून सांगा.

आता वाट बघण्याच्या अटी, आणि हा भाग सगळ्यात लक्ष देऊन वाचा.

सहावी नस मेंदूच्या देठाच्या तळाशी बाहेर पडते, समोरच्या उतरत्या हाडाला लागून वर चढते, कानाच्या हाडाच्या आतल्या टोकावरून तीव्र वळण घेते आणि मग रक्ताने भरलेल्या एका पोकळीतून, थेट मोठ्या धमनीच्या शेजारून खोबणीत शिरते. या वाटेवर ती दोन टोकांना जखडलेली असते. डोक्यातला दाब कुठल्याही कारणाने वाढला आणि मेंदू जरा खाली सरकला, तर ती ताणली जाते, मग गाठ अगदी दुसरीकडे का असेना. डॉक्टरांनी पडद्यामागची नस सुजली आहे का हे बघितलं ते यासाठीच. ती सुजलेली नाही, हा तुमच्या पत्रातला सर्वात दिलासा देणारा तपशील आहे. पण रोज वाढणारी डोकेदुखी, सकाळी उलट्या, वाकल्यावर क्षणभर अंधारी येणं, उजवा डोळाही बाहेर वळेनासा होणं, यातलं काहीही दिसलं तर महिना पूर्ण होण्याची वाट बघू नका. त्याच दिवशी रुग्णालयात न्या.

चेहरा बधिर होणं किंवा वाकडा होणं, बोलणं अडखळणं, हातापायात अशक्तपणा, तोल जाणं, ऐकू कमी येणं, ही लक्षणं नसेच्या वाटेवरचा किंवा तिच्या केंद्राजवळचा मोठा बिघाड दाखवतात. चेहऱ्याच्या सातव्या नसेचे धागे सहाव्या नसेच्या केंद्राला वळसा घालूनच बाहेर पडतात, त्यामुळे तिथे काही झालं तर दोघी एकदम सापडतात. अशा वेळी तासही घालवू नये.

पापणी खाली येऊ लागली आणि त्या बाजूची बाहुली मोठी झाली तर प्रकरण तिसऱ्या नसेचं आहे. ही नस मेंदूतल्या एका धमनीला खेटून जाते आणि बाहुलीचे धागे तिच्या अगदी वरच्या थरात असतात. धमनीला फुगा आला की तो बाहेरून दाबतो, म्हणून बाहुली लवकर सापडते. मधुमेहात बिघाड नसेच्या गाभ्यात होतो, तेव्हा बाहुली बहुधा वाचते. रोज सकाळी उजेडात बाबांच्या दोन्ही बाहुल्या आणि पापण्या बघायला दहा सेकंद लागतात. बाहुली मोठी, पापणी खाली आणि असह्य डोकेदुखी हे त्रिकूट म्हणजे फुगा फुटण्याच्या बेतात असू शकतो. बाहुली ठीक असली तरी पापणी नव्याने पडली तर त्याच दिवशी तपासणी हवी.

पन्नाशीच्या पुढे आणखी एक आजार ध्यानात ठेवावा लागतो, कानशिलाच्या धमनीच्या सुजेचा. चावताना जबडा दुखून थांबावं लागतं, केस विंचरताना डोकं हुळहुळतं, वजन उतरतं, बारीक ताप असतो. शरीरातली सूज दाखवणाऱ्या, रक्ताच्या ईएसआर आणि सीआरपी या दोन तपासण्या त्यासाठी करतात. बाबांच्या झाल्या नसतील तर आत्ताच करून घ्या. स्वस्त आणि सोप्या आहेत, आणि हा आजार सुटून गेला तर नजर कायमची जाऊ शकते. मधुमेह असलेल्या माणसाला ताप, गालात किंवा डोळ्यामागे जोरात दुखणं, डोळा सुजून पुढे येणं किंवा नाकातून काळपट स्राव असं काही झालं, तर बुरशीच्या संसर्गाचा धोका असतो. तिथे उशीर जिवावर बेततो.

यातलं काहीच नसेल, तर साठी ओलांडलेल्या, मधुमेह आणि रक्तदाब असलेल्या माणसाच्या एकट्या सहाव्या नसेसाठी अनेक डॉक्टर आधी तीन महिने थांबतात. काही सुरुवातीलाच एमआरआय करतात. दोन्ही मार्गांना आधार आहे आणि तुमच्या डॉक्टरांनी निष्काळजीपणा केलेला नाही. पूर्वी कर्करोग झालेला असेल तर मात्र थांबू नका, ही माहिती त्यांना दिली आहे ना ते बघा. तीन महिन्यांत नोंदवहीतलं अंतर कमी झालं नाही, किंवा मधेच वाढू लागलं, तर एमआरआय कराच. सहा महिन्यांनंतरही तिरळेपणा राहिला आणि मोजमाप स्थिर असलं, तर शस्त्रक्रियेने डोळे समोर बघताना जुळवता येतात. त्याआधीच्या काळात डावा आतला स्नायू आखडू लागला तर त्यात स्नायू तात्पुरता सैल करणारं बोटुलिनमचं इंजेक्शनही देतात.

गाडी चालवणं पूर्ण बंद. पट्टी लावूनही लगेच नाही. एका डोळ्याने अंतराचा अंदाज चुकतो आणि झाकलेल्या बाजूचं दिसत नाही. ते अंगवळणी पडायला आठवडे लागतात, आणि परवानगी डॉक्टरांनीच द्यायला हवी. जिन्याच्या पायऱ्यांच्या कडांना ठळक रंगाची पट्टी लावा आणि उतरताना कठडा धरायला सांगा.

राहिली मान. बाबा तोंड डावीकडे वळवतात तेव्हा समोरचं बघण्यासाठी त्यांचे डोळे आपोआप उजवीकडे जातात. उजवीकडे बघताना डाव्या डोळ्याच्या बाहेरच्या स्नायूची गरजच लागत नाही, आणि चित्र एक होतं. ही खोड नाही, त्यांनी नकळत शोधलेला उपाय आहे. मान सरळ करायला लावली की तुम्ही त्यांना पुन्हा दोन चित्रांत ढकलता. मान दुखत असेल तर त्यांना वळवण्याऐवजी घरातल्या वस्तू वळवा. टीव्ही त्यांच्या खुर्चीच्या समोर न ठेवता उजव्या बाजूला ठेवा, जेवताना आणि बोलताना तुम्ही त्यांच्या उजवीकडे बसा. नस सुधारू लागली की तोंड न सांगताच समोर येऊ लागेल. ते कोणत्या आठवड्यात सुरू झालं, तेही वहीत लिहून ठेवा.